अंबडचे कान

शास्त्रीय गाणं ऐकायला कुठे जावं, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: पुणे. १९५३ साली भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या महोत्सवाचं कौतुक करावं तेवढं थोडं. मी तिथे वर्षानुवर्षं बसले आहे, मांडवातल्या गर्दीत भारावून गेले आहे. पण ऐकायचं कसं हे कुठे शिकलीस, असा प्रश्न आला तर मी जालना जिल्ह्यातल्या अंबडचं नाव घेते. पुण्यामुंबईच्या मित्रांना ते सांगूनही पटत नाही. अंबड म्हणजे मोसंबी, ऊस आणि मत्स्योदरी देवी, इतकंच त्यांना ठाऊक असतं. कित्येकांना तेवढंही नसतं.

अंबडचा दत्तजयंती संगीत महोत्सव शंभरीच्या घरातला आहे. गोविंदराव जळगावकर या संगीतसाधकाने तो निजामी राजवटीत सुरू केला. तेव्हा अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होतं. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. म्हणजे जिल्ह्याहून हा उत्सव कितीतरी थोरला. मोठ्या शहराचा आधार नाही, रेल्वे नाही, संस्थानिकाचा दरबार नाही, आणि तरीही तालुक्याच्या एका गावाने रागसंगीत इतकी वर्षं जपलं. माझे मामा त्या भागातले, म्हणून मला या उत्सवाची वाट लहानपणीच सापडली. हे माझं भाग्य.

मुंबईहून जालन्याला जाणारी दुपारची गाडी मला आवडते. मनमाडला मुख्य मार्ग सोडून गाडी डावीउजवीकडे न बघता सरळ मराठवाड्यात शिरते. रोटेगाव, लासूर, मग दौलताबादचा किल्ला. मार्गशीर्षात दिवस लवकर मावळतो, त्यामुळे किल्ला नेहमी संधिप्रकाशातच दिसतो. संभाजीनगरला अर्धा डबा रिकामा होतो. उरलेले लोक पाय पसरून बसतात, डबे उघडतात, कुणीतरी शेंगदाण्याची चटणी पुढे करतं आणि विचारतं, "कुठं जालन्याला का पुढं?" करमाड, बदनापूर करत गाडी जालन्याला टेकते तेव्हा बाहेर चांगलीच थंडी पडलेली असते.

जालन्याची जुनी ओळख बाजारपेठेची. 'जालना सोने का पालना' ही म्हण तिथला रिक्षावालासुद्धा ऐकवतो. नवी ओळख लोखंडाची आणि बियाण्यांची. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत सळया तयार होतात, आणि बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली स्थापन केलेल्या महिकोमुळे संकरित बियाणं म्हटलं की शेतकऱ्याला जालना आठवतं. बारवाल्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या सगळ्या उलाढालीत गाण्याला जागा कुठे, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण स्टेशनवर उतरले आणि मामांच्या घरी पोचले तर मामींचा दुसरा प्रश्न गाण्याबद्दलचाच होता.

"कामून एवढा उशीर? पाणी तापवून ठेवलं होतं, निवलं की."

"गाडीच उशिरा आली, मामी."

"बरं, उद्या कोण गाणारंय म्हणे? मागच्या साली त्या पोरीने बागेश्री काय म्हटला! मला तर जेवण करू वाटंना."

मामी सातवी शिकलेल्या. त्यांनी हार्मोनियमला कधी हात लावलेला नाही. बागेश्री मात्र पहिल्या दोन आलापांत ओळखतात. त्या लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी सासूबरोबर अंबडला जात आल्या, आणि सासू त्यांच्या सासूबरोबर जात असत.

सकाळी एसटीने निघालो. जालना ते अंबड रस्ता दक्षिणेला जातो; तासाभराचा प्रवास. गोलापांगरी गेलं की दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मधेच तुरीचे पिवळे पट्टे आणि मोसंबीच्या बागा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण मोसंबीच्या शेतकऱ्याने दुष्काळात टँकरने पाणी घालून बागा जगवल्या आहेत आणि काही वर्षी जगल्या नाहीत म्हणून स्वतःच्या हाताने तोडल्याही आहेत. अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर मधेच आडवे येतात आणि एसटी त्यांच्यामागे रांगते. मामा खिडकीशी बसून बोटांनी मांडीवर काहीतरी वाजवत होते. गाडीत आणखी दोघं-तिघं उत्सवालाच निघालेली. त्यातल्या एका गृहस्थांनी मामांना रामराम घातला आणि लगेच विचारलं, "तबल्याला कोण आहे, कळलं का?"

गायकाआधी तबलजीची चौकशी! अंबडला जाणाऱ्यांची हीच खूण आहे, असं मी आता खुशाल सांगते.

मत्स्योदरीचं देऊळ गावाशेजारच्या टेकडीवर आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीचं हे नाव. पायऱ्या चढून वर गेलं की सगळं अंबड एका नजरेत येतं. गाव जुनं आहे, होळकरांच्या जहागिरीतलं. अहिल्याबाईंच्या कृपेबद्दल इथे आजही लोक आपुलकीने बोलतात. गावात बारवा आहेत. त्यांतल्या एका बारवेच्या पायऱ्यांवर मी दुपारी बराच वेळ बसले. चारी बाजूंनी उतरत जाणाऱ्या काळ्या दगडी पायऱ्या, खाली थोडं पाणी. तिथे हळू बोललेला शब्दही समोरच्या पायरीवर स्पष्ट पोचतो. दोन शाळकरी पोरं तिथे एकमेकांना हाका मारून आपलाच आवाज ऐकत होती.

दत्तजन्म संध्याकाळचा. गुरुचरित्राच्या सप्ताहाची सांगता झालेली असते, पाळणा म्हणतात, सुंठवडा वाटतात. मग गाणं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. इथे गाणं देवापुढे रुजू केलेली सेवा आहे. गायक येतो तो आधी दत्तापुढे डोकं टेकवतो आणि मग स्वरमंडल उघडतो. समोर बसलेल्यांनीही चपला बाहेर काढलेल्या असतात, कपाळाला बुक्का असतो, तोंडात सुंठवड्याची चव असते. त्यामुळे मैफलीत शिरतानाच माणूस वेगळ्या तयारीने शिरतो. तिकीट काढून आलेल्या माणसाचा कलावंतावर हक्क असतो. इथे कुणाचाच कुणावर नसतो.

दत्त आणि गाणं यांचं नातं या मुलुखात जुनंच आहे. हैदराबाद राज्याच्या सीमेत एका टोकाला माहूर, दुसऱ्या टोकाला गाणगापूर, आणि मधे हुमनाबादजवळचं माणिकनगर. माणिकप्रभूंचा जन्म १८१७ चा, दत्तजयंतीचाच. १८६५ साली त्यांनी समाधी घेतली. ते स्वतः मराठी, कानडी, हिंदीत पदं रचत आणि त्यांच्या दरबारात हिंदू-मुसलमान गवई एकत्र बसत. ती परंपरा माणिकनगरला आजही चालू आहे. मराठवाड्यातल्या दत्तभक्तांच्या घरांतून गाणं पूजेइतकंच स्वाभाविक झालं, त्याचं मूळ मला तिथे दिसतं. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. निजामी राज्यात सभाबंदी होती. 'गश्ती निशाण ५३' या हुकुमाने जाहीर सभेला सरकारी परवानगी सक्तीची केली होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाड्याच्या माणसाला चार लोकांत जमायचं तर कीर्तन, भजन, गणपतीचा मेळा, देवाचा उत्सव हीच ठिकाणं होती. अशा काळात रात्रभर शेकडो लोकांनी एकत्र बसून एकच गोष्ट मन लावून ऐकणं याला केवढं मोल असेल! मला वाटतं, अंबडची बैठक इतकी पक्की झाली ती या दिवसांत.

आता त्या रात्रीबद्दल, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले.

मी कॉलेजात होते. नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. रात्री गाणं थांबवण्याची सक्ती तेव्हा नव्हती आणि मैफल उजाडेपर्यंत चालली. पहिल्या दोन कलावंतांनंतर अडीचच्या सुमाराला मुख्य गायक बसले. नावाजलेले होते. त्यांचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण त्या रात्रीचं निम्मं श्रेय माझ्या हिशेबी समोर बसलेल्यांचं आहे आणि नाव घेतलं की सगळं श्रेय नावाकडे जातं.

दव पडत होतं. दव पडलं की तबल्याची पुडी ओलावा धरते आणि सूर उतरतो. तबलजी हातोडीने गजऱ्यावर ठोके देत, पुडीला कान लावत, पुन्हा ठोके देत बसला होता. दहा मिनिटं गेली असतील. मागे दोन मिरजेचे तानपुरे. मिरजेत तानपुरे होतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या, भीमेकाठच्या भोपळ्यांचे. त्यांतल्या एका तानपुऱ्यावर गायकाची शिष्या बसली होती, माझ्याच वयाची. गायकाने मान वळवून तिला दोन शब्द सांगितले आणि तिने पहिल्या तारेची खुंटी हळूहळू सैल केली. तोवर ती तार पंचमात होती. ती खाली येत येत मध्यमावर थांबली. मग तिने तारेखालचा मणी किंचित सरकवला, जवारीचा दोरा नखाने हलवला. घोडीवर दोऱ्याची जागा केसभर बदलली आणि बसका वाटणारा आवाज एकदम खुलला, भोपळ्यातून उठून मांडवभर पसरला. माझ्या पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि शेजारणीच्या कानात म्हणाल्या, "मालकंस."

गायकाने अजून ओठ उघडले नव्हते. मालकंसात पंचम नाही, म्हणून तार मध्यमात लावतात, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. पण त्या बाईंनी ते खुंटीच्या फिरण्यावरून ओळखलं.

विलंबित एकताल लागला. माझ्या उजव्या हाताला एक शेतकरी बसले होते, साठीपुढचे, गळ्यात तुळशीची माळ, अंगावर घोंगडी. ते डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. करंगळीची तीन पेरं, अनामिकेची तीन, मधल्या बोटाची तीन, तर्जनीची तीन. चार बोटं, बारा पेरं. एकतालाच्या मात्राही बाराच. एका मात्रेला एक पेर. ठाय लयीत एका आवर्तनाला मिनिटभर लागत होतं आणि त्या मिनिटात अंगठा सबंध हातावरून एकदा फिरून करंगळीपाशी परत येत होता. मी त्यांच्याकडे बघते आहे हे त्यांना कळलं. त्यांनी काही न बोलता माझा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला, माझा अंगठा माझ्या करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकवला आणि समेची वाट बघायची खूण केली. सम आली. अंगठा निघाला.

त्या क्षणापासून गाणं मला वेगळंच ऐकू यायला लागलं. तोवर मी स्वरांच्या मागे फरपटत जायचे. सुंदर जागा आली की हरखायचे, मधलं हरवायचं. आता मला माझ्या हातावर कळत होतं की गायक कुठे उभा आहे, किती वाट उरली आहे, तो मुद्दाम उशीर करतो आहे आणि आता घाईने येणार आहे. नवव्या पेरावर तो वरच्या षड्जाला भिडला आणि तिथेच थांबला. दहा. अकरा. मांडवात कुणी हललं नाही. बाराव्या पेरावर त्याने मुखडा उचलला आणि समेवर अख्ख्या मांडवाची मान एकदम खाली आली. शेकडो माणसांची. त्यांत मोसंबीवाले होते, मास्तर होते, तहसील कचेरीतले कारकून होते, मांडीवर झोपलेली पोरं घेऊन बसलेल्या बाया होत्या. 'वाहवा' अशी आरोळी कुणी दिली नाही. नुसता एक दीर्घ श्वास ऐकू आला. गायकाने हात जोडले ते त्या श्वासाला. पुढच्या आवर्तनात त्याने जे केलं ते आधी ठरवून आलेलं नव्हतं, हे मला छातीठोकपणे सांगता येईल, कारण तबलजीने चमकून त्याच्याकडे बघितलं होतं.

ध्वनिमुद्रणात हे कधीच येत नाही. मुद्रणात गायक ऐकू येतो. त्याच्याकडून गाणं काढून घेणारे श्रोते ऐकू येत नाहीत. आणि जिवंत मैफलीचं सगळं मर्म या देवाणघेवाणीत आहे. गायक दर समेला समोरच्यांना विचारत असतो, पुढे जाऊ का? अंबडचे लोक होकार कसा द्यायचा हे जाणतात. तो दिल्यावर गायक जिथे एरवी गेला नसता तिथे जातो.

मालकंस संपला तेव्हा चार वाजून गेले होते. चहा फिरला. गायकाने गरम पाण्याचे दोन घोट घेतले आणि ललत सुरू केला. तानपुऱ्याला हात लावायची गरज पडली नाही. ललतातही पंचम नसतो. दोन्ही मध्यम शेजारी शेजारी लागतात आणि त्यामुळे अंधार अजून आहे पण आता फार वेळ नाही, असं काहीतरी मनाला वाटत राहतं. तासाभराने गायक थांबला आणि त्याने शिष्येकडे बघितलं. तिने ती तार पुन्हा चढवायला घेतली. मध्यमावरून वर, अगदी सावकाश. आम्ही सगळ्यांनी रात्रीचे तीनेक तास पंचमावाचून काढले होते. तारेतून पंचम लागला आणि माझ्या डोळ्यांत घळकन पाणी आलं. भैरव अजून सुरूही झाला नव्हता. शेजारचे ते शेतकरी घोंगडी बाजूला करत म्हणाले, "उजाडलं बघा, ताई." मांडवाबाहेर खरंच फटफटत होतं, पण त्यांनी बाहेर बघितलेलं नव्हतं.

भैरवीनंतर मी त्यांना विचारलं, तुम्ही गाणं कुठे शिकलात? ते म्हणाले, "शिकायचं कुठं? गावच्या भजनात पखवाज धरतो." एवढंच.

आता रात्रभराच्या मैफली होत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केला. वर्षातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सवलत मिळते. या नियमाची गरज मला मान्य आहे. लग्नाच्या वरातींनी आणि मिरवणुकींतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींनी लहान मुलांचे आणि आजाऱ्यांचे जे हाल केले ते मी पाहिले आहेत. पण त्या धडाक्यात उत्तररात्रीचे राग मैफलीतून गेले, याचं दुःख मी लपवणार नाही. दरबारी, मालकंस, ललत हे राग दुपारच्या सभागृहात पडदे ओढून गातात तेव्हा मला गुदमरल्यासारखं होतं. ध्वनिक्षेपकाशिवाय दोनेकशे माणसांच्या बैठकीला बंद दालनात पहाटेपर्यंत बसता येईल, तेवढं तरी गावोगावच्या रसिकांनी करावं. गाणं मुळात ध्वनिक्षेपकाविनाच वाढलं. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांचा मुक्काम होता तेव्हा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचा तो नाजूक, बारीक लागणारा सूर लोक निव्वळ शांततेच्या बळावर ऐकत असत.

या खेपेला अंबडला मी सगळ्यात जास्त बघितलं ते पुढच्या रांगेकडे. तिथे दहा-बारा वर्षांची मुलं बसली होती. एकाच्या मांडीवर तबल्याची वही. मंचावर एक तरुण गायिका यमन गात होती, मध्यलय तीनतालात. त्या मुलाने टाळी-खाली हाताने दाखवायला सुरुवात केली, शेजारच्या मुलीने त्याची खाली चुकल्याचं कोपराने ढोसून सांगितलं, आणि दोघंही पुन्हा समेला बरोबर आली. गायिकेने हे बघितलं. पुढची तिहाई तिने त्या दोघांकडे बघत घेतली आणि दोघांच्या टाळीवर आणून सोडली. मुलं लाजली. सगळा मांडव हसला. मागे मोबाइल उंचावून चित्रण करणारेही होते, पण त्यांच्या पाठीमागच्या एका आजींनी "खाली धर की बाप्पा, बाई दिसंना झाली" म्हणून सांगितलं आणि मोबाइल खाली आले.

मराठवाड्यात हे असं ऐकणं टिकवायला माणसं खपली आहेत. नांदेडला अण्णासाहेब गुंजकर होते. त्यांचे शिष्य नाथराव नेरळकर संभाजीनगरला राहून आयुष्यभर शिकवत, गात राहिले आणि २०२१ साली गेले. पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही पुण्यामुंबईत असताना ही माणसं इथेच राहिली. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी फार थोडे मंचावर दिसतात; बाकीचे शाळांतून मुलांना सूर लावायला शिकवतात, किंवा माझ्या मामांसारखे एसटीत मांडीवर ठेका धरून बसतात. त्या बाकीच्यांची किंमत मला अधिक वाटते.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, जांबला जाऊन येऊ. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ च्या रामनवमीला नारायण सूर्याजीपंत ठोसर इथे जन्मले. रस्ता डाव्या कालव्याच्या मुलुखातून जातो. पैठणच्या नाथसागराचं पाणी जिथे पोचतं तिथे ऊस, जिथे पोचत नाही तिथे करडी जमीन आणि ज्वारी. एकाच शिवारात दोन्ही दिसतात. जांबच्या राममंदिरातल्या पूजेच्या मूर्ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये चोरीला गेल्या होत्या. पोलिसांनी त्या शोधून परत आणल्या तेव्हा लोकांनी केलेल्या आनंदाची गोष्ट मामांनी मला वाटेत पुन्हा एकदा सांगितली.

मला जांबला जायचं होतं ते मात्र वेगळ्या ओढीने. दासबोधाच्या चौथ्या दशकातला दुसरा समास कीर्तनभक्तीवर आहे आणि चौदाव्या दशकात समर्थ पुन्हा कीर्तनाकडे वळतात. कीर्तनकाराला राग, ताल, गळा, पाठांतर सगळं हवं असं ते बजावतात, आणि त्याच बरोबर सांगतात की कलेतच मन गुंतून पडलं तर देव हातचा जातो. हे सांगणारा माणूस ज्या मातीत जन्मला तिथल्या लोकांना ख्याल ऐकायला वेगळं शिकवावं लागलं नाही, याचं मला नवल वाटत नाही. पेरांवर मात्रा मोजणारे ते शेतकरी भजनातूनच आले होते. चिपळ्या, टाळ, पखवाज, रात्रभर जागायची सवय, शब्द न सांडता ऐकायची सवय, हे सगळं गावात आधीपासून होतं. गोविंदराव जळगावकरांनी त्या तयार कानांपुढे रागसंगीत आणून ठेवलं.

संध्याकाळी देवळात भजनी मंडळ बसलं. आठ-दहा माणसं, एक पेटी, एक पखवाज. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावायचं काम एक पोरगा मन लावून करत होता. थोडी लावायची, थाप मारून बघायची, जास्त झाली की बोटाने काढायची. म्हातारबाबांनी एक अभंग संथ लयीत उचलला. आवाज फाटका होता, दम कमी होता, पण सूर जागच्या जागी. दुसऱ्या कडव्यानंतर पखवाजवाल्याने लग्गी लावली आणि मामांनी टाळ मागून घेतला. मी खांबाला टेकून बसले होते. माझा अंगठा केव्हा करंगळीवर गेला ते मला कळलं नाही.

कुणाला जायचं असेल तर सांगते. मार्गशीर्ष पौर्णिमा पंचांगात बघा आणि आदल्या दिवशीच जालन्याला पोचा. तिथून अंबडला एसटी दिवसभर असतात. कानटोपी, शाल घ्या, थंडी चांगली असते. दुपारी बारवेवर आणि मत्स्योदरीला जाऊन या. संध्याकाळी पाळण्यालाच हजर राहा, गाण्यापुरतं येऊ नका. बसायला जागा शोधताना मंचासमोरची मधली जागा सगळे धरतात. तुम्ही तानपुऱ्याच्या बाजूला, म्हाताऱ्या माणसांच्या शेजारी बसा. त्यांच्या हाताकडे लक्ष ठेवा. कुणी तुमचा हात धरून काही दाखवायला लागलं तर दाखवू द्या.